वीजदराची सुनावणी आणि गैरहजर उपनगर

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टंकात छापलेली एक जाहीर सूचना दर काही वर्षांनी मुंबईच्या उपनगरांतील लक्षावधी घरांत येऊन पडते आणि न वाचताच रद्दीच्या गठ्ठ्यात जाते. वीज वितरण करणाऱ्या कंपनीने महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे पुढील वर्षांच्या दरांची याचिका दाखल केली आहे, ज्यांना हरकती अथवा सूचना मांडावयाच्या असतील त्यांनी ठरलेल्या मुदतीत त्या लेखी कळवाव्यात, अमुक दिवशी जाहीर सुनावणी होईल, अशा मजकुराची ती सूचना असते. पुढे काही महिन्यांनी अंधेरीच्या चाळीत, बोरिवलीच्या वसाहतीत किंवा घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्तीत वाढीव देयक हाती पडते, तेव्हा संताप होतो, मोर्चे निघतात, कार्यालयाला घेराव पडतो. परंतु तोवर निर्णय झालेला असतो, आणि तो ‘जनतेचे म्हणणे विचारात घेऊन’ झाला आहे, अशी नोंदही आदेशात झालेली असते. जनतेचे हे म्हणणे कोणी मांडले, कोणत्या भाषेत मांडले आणि त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न वीजदराइतकाच महत्त्वाचा आहे.

वीजदर ठरविताना सर्वसामान्य ग्राहकाला विचारावे, ही कल्पना महाराष्ट्रात फार जुनी नाही. १९९९ पूर्वी राज्य विद्युत मंडळ आपले दर स्वतः ठरवीत असे, आणि त्या निर्णयामागे मंत्रालयाची इच्छा असे. नव्या वीज प्रकल्पांच्या योजना प्रसिद्ध करून त्यांवर हरकती मागविण्याची तरतूद १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यात होती खरी. पण ती किती तकलादू होती, हे एन्रॉनने दाखवून दिले. दाभोळ प्रकल्पाच्या वीज खरेदीचा करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. ज्या जनतेला त्या विजेचे पैसे पिढ्यान्‌पिढ्या मोजावे लागणार होते, तिच्यापासून कराराचा तपशील दूर ठेवण्यात आला. गुहागरच्या गावकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या, मृणाल गोरे यांच्यासारख्या नेत्या त्या लढ्यात उतरल्या, कामगार संघटना न्यायालयात गेल्या. अखेर २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी, प्रकल्प बंद पडण्यापूर्वी नेमलेल्या माधव गोडबोले समितीने या व्यवहारातील दोषांवर बोट ठेवले. गुप्ततेची किंमत किती मोठी असते, याचा हा धडा महाराष्ट्राने फार महाग दराने विकत घेतला आहे.

याच काळात, १९९८ च्या केंद्रीय कायद्याखाली, ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग अस्तित्वात आला. पुढे २००३ च्या विद्युत कायद्याने त्याला व्यापक अधिकार दिले. या कायद्यातील काही कलमे प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावीत अशी आहेत. दराची याचिका आल्यावर जनतेच्या सर्व सूचना व हरकती विचारात घेऊन १२० दिवसांच्या आत आदेश द्यावा, असे कलम ६४ सांगते. आयोगाने आपल्या कामात पारदर्शकता राखली पाहिजे, असे कलम ८६ बजावते. विनियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध केल्यावाचून ते अमलात आणता येत नाहीत, हे कलम १८१ चे बंधन आहे. ग्राहकांचे हित मांडण्यासाठी आयोग एखाद्या व्यक्तीला प्रतिनिधी म्हणून नेमू शकतो, ही कलम ९४ मधील तरतूद आहे. आयोगाला सल्ला देणाऱ्या राज्य सल्लागार समितीत उद्योग, शेती आणि ग्राहक यांच्याबरोबर कामगारांनाही प्रतिनिधित्व असावे, हे कलम ८७ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. तेव्हा सुनावणी हा आयोगाचा उदारपणा नाही. ते त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते बजावून घेण्याचा हक्क प्रत्येक देयक भरणाऱ्याला आहे.

व्यवहारात ही प्रक्रिया कशी चालते, हे समजून घेतले पाहिजे. कंपनी आपला खर्च मांडते: वीज खरेदीचा, तारा आणि उपकेंद्रांच्या देखभालीचा, कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा, कर्जावरील व्याजाचा, आणि शेवटी भागधारकांच्या भांडवलावर ठरलेल्या दराने मिळावयाच्या परताव्याचा. या बेरजेतून अपेक्षित उत्पन्न वजा केले की जी तूट उरते, ती दरवाढीतून भरून मिळावी अशी मागणी असते. आयोगाचे अधिकारी प्रथम आकडे तपासतात, त्रुटी दूर करावयास सांगतात, मग याचिका दाखल करून घेतली जाते आणि जाहीर सूचना निघते. हरकतदाराने लेखी हरकत द्यावी, तिची प्रत कंपनीला मिळावी, कंपनीने तिला लेखी उत्तर द्यावे, आणि अंतिम आदेशात हरकत, कंपनीचे उत्तर व आयोगाचा निष्कर्ष ही तिन्ही क्रमाने छापली जावीत, अशी पद्धत रूढ झाली आहे. ही पद्धत चांगली आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्या देशात मंत्र्याला विचारलेल्या प्रश्नाचेही धड उत्तर मिळत नाही, तेथे एखाद्या सामान्य ग्राहकाच्या प्रश्नाला बड्या कंपनीने लेखी उत्तर देणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु चांगली पद्धत आणि समान संधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचिका शेकडो पानांची, इंग्रजीत, तक्त्यांनी भरलेली असते. मराठीत मिळतो तो तिचा गोषवारा, आणि गोषवाऱ्यात काय गाळावे हे याचिका करणारी कंपनीच ठरविते. हरकतीसाठी मुदत असते ती जेमतेम तीन आठवड्यांची. ज्या दस्तऐवजासाठी कंपनीचे हिशेबनीस, अभियंते आणि वकील महिनोन्‌महिने राबले, त्याचा अभ्यास करून दिवसभर कारखान्यात किंवा दुकानात काम करणाऱ्या माणसाने तीन आठवड्यांत प्रत्युत्तर द्यावे, अशी ही अपेक्षा आहे. मुंबईतील कंपन्यांच्या सुनावण्या अनेक वर्षे कफ परेडच्या जागतिक व्यापार केंद्रात, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी होत आल्या. बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटरचे. त्या दिवसाचा रोजगार बुडवून, लोकलची गर्दी सोसून तेथे पोहोचणारा ग्राहक विरळाच. करोनाच्या काळापासून अनेक सुनावण्या दूरदृश्य प्रणालीवर होऊ लागल्या. त्यामुळे प्रवास वाचला. पण ज्याच्या घरी एकच भ्रमणध्वनी आहे आणि तोही मुलाच्या हाती आहे, त्याच्यासाठी दार अजून किलकिलेच राहिले.

मग सभागृहात बोलते कोण? मोठ्या वीजग्राहक उद्योगांच्या संघटना बोलतात, कारण सल्लागार नेमण्याची ऐपत त्यांच्याकडे आहे. रेल्वेसारखे मोठे ग्राहक बोलतात. घरगुती ग्राहकांच्या बाजूने पार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्याची प्रयास यांसारख्या मोजक्या संस्था वर्षानुवर्षे चिकाटीने उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांना आयोगाने ग्राहक प्रतिनिधी म्हणून मान्यताही दिलेली आहे. त्यांच्या अभ्यासाबद्दल कृतज्ञता बाळगली पाहिजे. पण दोन-चार संस्थांच्या खांद्यावर तीस लाख ग्राहकांचे ओझे टाकून उपनगराने स्वस्थ बसावे, हे कोणत्याही चळवळीला शोभणारे नाही.

उपनगराचे प्रश्न इतरांनी मांडावेत असे नाहीतच. ते इतरांना ठाऊकही नसतात. एकच उदाहरण पुरे. घरगुती दर टप्प्यांनी वाढत जातात: पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी, १०१ ते ३०० चा त्याहून अधिक, पुढे ५०० पर्यंत आणि त्यावर आणखी चढा. गरिबाला स्वस्त आणि चैनीला महाग, हे त्यामागील तत्त्व न्याय्य आहे. परंतु घाटकोपर किंवा अंधेरीतील अनेक दाट वस्त्यांत एका मीटरमागे तीन-चार भाडेकरू कुटुंबे राहतात. मीटर घरमालकाच्या नावावर, आणि भाडेकरूंच्या वाट्याला सबमीटर. प्रत्येक कुटुंबाने ८० युनिटे जाळली, तरी मुख्य मीटरवर ३२० युनिटांची नोंद होते आणि सर्वांत गरीब कुटुंबाची वीज वरच्या टप्प्याच्या दरात शिरते. त्यावर घरमालक आपले चार पैसे चढवितो ते वेगळेच. कंपनीच्या वहीत हा भाडेकरू ‘ग्राहक’च नाही. म्हणून त्याला सूचना नाही, देयक नाही आणि तक्रार निवारण मंचाकडे त्याची वाटही सोपी नाही. हा प्रश्न आयोगापुढे कोणता उद्योगसंघ मांडणार? तो त्या वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यानेच, गल्लीतील मीटर आणि त्यामागील कुटुंबे मोजून, मांडला पाहिजे.

केवळ रस्त्यावर उतरून दर थांबविता येतात, हा समज किती अपुरा आहे, हे उपनगरांनी २००९ मध्ये अनुभवले आहे. १९२९ पासून उपनगरांना वीज पुरविणारी बी.एस.ई.एस. ही कंपनी २००३ मध्ये रिलायन्स समूहाकडे गेली होती. जून २००९ मध्ये आयोगाने तिला दरवाढ मंजूर केली आणि उपनगरांत असंतोषाचा भडका उडाला. विधानसभेची निवडणूक तोंडावर असल्याने एरवी वीज कंपनीच्या दाराशीही न फिरकणारे पक्ष आंदोलनात पुढे सरसावले. जुलैमध्ये आयोगाने आपल्याच आदेशाला स्थगिती दिली आणि हैदराबादच्या एका संस्थेकडे चौकशी सोपविली. विजयाच्या घोषणा झाल्या, फलक लागले. पुढे चौकशीत कंपनीवर ठपका आला नाही, सप्टेंबर २०१० मध्ये स्थगिती उठली, आणि त्या वर्षांत साचलेली तूट ‘रेग्युलेटरी ॲसेट’ म्हणजे पुढे ढकललेली वसुली या नावाने व्याजासह ग्राहकांच्या डोक्यावर बसली. २०१३ पासून ती देयकात स्वतंत्र आकार म्हणून दिसू लागली, तेव्हा फलक लावणारे कोठेच दिसले नाहीत.

यातून मोर्चे व्यर्थ असतात असा अर्थ काढणे चूक ठरेल. १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात लाटणी घेऊन निघालेल्या मुंबईच्या स्त्रियांनी सत्तेला हलविले होते, हे विसरता येणार नाही. मोर्चाने सुनावणीचे दार उघडते. पण आत गेल्यावर खर्चाचा कोणता आकडा अवाजवी आहे, कोणती वीज खरेदी महाग झाली, कोणती भांडवली गुंतवणूक अनावश्यक होती, हे दाखविता आले नाही, तर दरवाढ रद्द होत नाही. ती उद्यावर जाते आणि व्याज घेऊन परत येते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये असे आदेश दिले, की देशभर साचलेली अशी वसुली १ एप्रिल २०२४ पासून सात वर्षांच्या आत निकालात काढली पाहिजे. पुढे ढकललेला प्रत्येक रुपया आता ठरलेल्या मुदतीत ग्राहकाच्या देयकातून निघणार, असा त्याचा सरळ अर्थ आहे. म्हणून तूट साचू न देण्याची आणि खोटी तूट मान्य होऊ न देण्याची जागा सुनावणी हीच आहे.

मुलुंड आणि भांडुपची कथा वेगळी आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथे २०१८ पासून अदानी कंपनी वीज पुरविते. मुलुंड-भांडुपला मात्र सार्वजनिक मालकीची महावितरण. २०२२ मध्ये मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई या भागांत समांतर वितरण परवाना मिळावा, असा अर्ज अदानी समूहाच्या कंपनीने आयोगाकडे केला. वीज कामगार, अभियंते व अधिकारी यांच्या संघटनांनी त्याविरुद्ध ४ जानेवारी २०२३ पासून ७२ तासांचा संप पुकारला आणि सरकारशी वाटाघाटी झाल्यावर तो त्याच दिवशी मागे घेतला. कामगारांनी धोका अचूक ओळखला होता: भरघोस देयके देणारा ग्राहक खाजगी कंपनीने उचलावा आणि गरीब ग्राहक व तोटा सार्वजनिक कंपनीकडे राहावा, असे झाल्यास इतरांच्या दरांना आधार देणारी आंतर-अनुदानाची व्यवस्थाच ढासळते. हा युक्तिवाद संपाच्या व्यासपीठावर जितका जोरात झाला, तितक्याच तपशिलाने तो आयोगाच्या हरकतींच्या नस्तीतही गेला पाहिजे.

महावितरणच्याच बाबतीत २०२५ मध्ये जे घडले, ते सार्वजनिक मालकीच्या समर्थकांनीही डोळे उघडे ठेवून पाहावे. राज्यभरच्या जाहीर सुनावण्यांनंतर आयोगाने २८ मार्च रोजी दराचा आदेश दिला. महावितरणच्या विनंतीवरून २ एप्रिल रोजी त्याला स्थगिती मिळाली, आणि २५ जून रोजी पुनर्विलोकनात नवा आदेश निघून १ जुलैपासून नवे दर लागू झाले. पुनर्विलोकनाच्या टप्प्यावर बाधित होणाऱ्यांना पुरेसे ऐकले गेले नाही, असा आक्षेप उद्योग व सौरऊर्जा क्षेत्रातून घेतला गेला आणि वाद न्यायालयात पोहोचला. त्या वादाचे काहीही होवो, तत्त्व स्पष्ट आहे. जो आदेश जनतेला विचारून झाला, तो बदलताना पुन्हा जनतेलाच विचारले पाहिजे. अन्यथा सुनावणी हा पूर्वार्ध आणि निर्णय हा भलताच उत्तरार्ध, असे होईल.

आयोग हे मुळात जागतिक बँकेच्या सल्ल्याने आलेले, खाजगीकरणाची वाट सुकर करणारे साधन आहे, मग त्याच्या दारी का जावे, असा प्रश्न काही निष्ठावंत कार्यकर्ते विचारतात. त्यात तथ्यांश आहे. ओरिसात १९९५ च्या कायद्याने देशातील पहिला असा आयोग आला, तो वीज मंडळाच्या विभाजनाच्या आणि खाजगीकरणाच्या कार्यक्रमाचाच भाग होता. दराचा निर्णय निवडून आलेल्या सरकारकडून काढून तज्ज्ञांकडे सोपविला, की मंत्र्याला हात झटकता येतात, हेही खरे. पण हत्यार कोणी घडविले यापेक्षा ते कोणाच्या हाती आहे, हे अधिक महत्त्वाचे. मताधिकारही प्रथम मालमत्ताधारकांसाठीच होता. जी कंपनी आपले हिशेब कोणालाही दाखवावयास तयार नव्हती, तिला ते उघड करावे लागतात, ही जागा सोडून देणे म्हणजे ती प्रतिपक्षाला बहाल करणे होय.

न्यायालयांनीही या हक्काला बळ दिले आहे. कलकत्त्याच्या वीज कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दरनिश्चितीत ग्राहकांना आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, हे मान्य केले. २०१६ मध्ये दूरसंचार नियामकाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. केवळ हरकती मागवून भागत नाही. त्यांचा साक्षेपाने विचार करून कारणांसह उत्तर दिले पाहिजे, असे सांगताना न्यायालयाने अमेरिकेतील १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याचा दाखला दिला आणि तशा प्रकारचा कायदा संसदेने करावा, अशी सूचना केली. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरातही कॅलिफोर्नियासारख्या राज्यात, ज्या ग्राहक संघटनांच्या मांडणीचा निर्णयाला खरोखर उपयोग झाला, त्यांना सुनावणीचा खर्च भरून देण्याची व्यवस्था आहे. येथे कंपनीच्या वकिलाचे शुल्क दरात धरले जाऊन ग्राहकाच्याच खिशातून जाते. ग्राहकाची बाजू मांडणाऱ्याने मात्र पदरमोड करावी, ही विषमता किती दिवस सहन करावयाची?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. संपूर्ण याचिका मराठीत उपलब्ध झाली पाहिजे आणि गोषवारा कंपनीने नव्हे, आयोगाच्या कार्यालयाने तयार केला पाहिजे. हरकतींची मुदत किमान दोन महिने असावी. सुनावण्या अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड येथे, रविवारी किंवा सायंकाळी व्हाव्यात. सबमीटरवरील भाडेकरूंना हरकत घेण्याचा आणि तक्रार करण्याचा हक्क निःसंदिग्ध शब्दांत मान्य व्हावा. मान्यताप्राप्त ग्राहक प्रतिनिधींना अभ्यासासाठी निधी मिळावा. पुनर्विलोकनात दर बदलणार असतील तर पुन्हा सुनावणी बंधनकारक व्हावी. आणि सल्लागार समितीतील कामगारांची जागा नामधारी न राहता वीज कामगार संघटनांनी सुचविलेल्या व्यक्तीला मिळावी. यांतील बहुतेक गोष्टींसाठी संसदेत कायदा बदलण्याची गरज नाही. आयोगाला स्वतःच्या विनियमांनी त्या करता येतील.

मागण्यांबरोबर कामही हवे. प्रत्येक तालुका समितीने वर्षभर दहा-बारा जणांचे एक वीज अभ्यास मंडळ चालवावे. देयकातील स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार म्हणजे काय, त्यांतील कोणता आयोग ठरवितो आणि कोणता सरकार, हे वस्तीत समजावून सांगावे. वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे, त्यासाठी आयोगापुढे रडून उपयोग नाही, तेथे मोर्चा मंत्रालयावरच नेला पाहिजे. निवृत्त वीज कर्मचारी, हिशेब तपासनीस, गणिताचे शिक्षक प्रत्येक उपनगरात आहेत. त्यांना हाक द्यावी. छापील नमुन्यावर हजार सह्या गोळा करण्यापेक्षा मोजणीसह लिहिलेल्या वीस हरकती अधिक परिणाम करतात, कारण त्यांतील प्रत्येकीला स्वतंत्र उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर पुढील अपिलाचा पाया ठरते.

पुढची जाहीर सूचना निघेल, तेव्हा ती पुन्हा आतल्या पानावर, बारीक टंकातच निघेल. तिचे कात्रण शाखेच्या फळ्यावर लागले पाहिजे आणि त्याच संध्याकाळी हरकतीचा पहिला मसुदा लिहावयास बसले पाहिजे. आदेशात ‘उपनगरांतून हरकत आली नाही’ असे वाचावयास मिळाले, तर त्याचा दोष कंपनीला देता येणार नाही.